आबाजींच्या पुतळ्याखालच्या ओळी

५ नोव्हेंबर १९७८, जवाहरनगर

भाऊबीज करून आज परतले. बस साकोलीलाच उशिरा आली. कारध्याच्या पुलावर येईपर्यंत ऊन उतरलं होतं. घरी ह्यांनी भात लावून ठेवलेला, खालून करपलेला. वरचा तेवढा वाढून घेतला.

माहेरी तसं ठीक. आईचे गुडघे धरलेत, बाकी कान-डोळे शाबूत. दादा मात्र तापलेला. गावच्या शाळेला नवीन खोल्या मंजूर झाल्यात आणि त्या बरोब्बर आमच्या आजोबांच्या, आबाजींच्या पुतळ्याच्या जागेवर येतात. पुतळा हलवावा लागणार. एवढंच असतं तर दादा चिडला नसता. पण नवा सरपंच डोमाजी सभेत म्हणाला म्हणे, "हटवाचाच आहे तं पुन्हा बसवाचा कायले?"

दादा ताटावर बसून सांगत होता. "याचा बाप आपल्या घरी नांगर धरत होता, अन् हा आता आबाजीले हटवून राहिला."
वहिनी म्हणाली, "जेवा आता. भात थंडा होऊन राहिला."

पुतळा म्हणजे काय, छातीपर्यंतचे सिमेंटचे आबाजी. डोक्याला फेटा, मिशा पिळलेल्या. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेल्यावर बाबांनी बसवला. पत्र्याच्या पेटीला लावतात तो चांदीचा रंग आणून दादा दरवर्षी स्वतः हाताने लावतो. खाली पाटी: दानशूर, प्रजावत्सल, जलदाते.

मला शिकायला भंडाऱ्याला ठेवलं ते आबाजींनी. बाबांचं मन नव्हतं.


१९ नोव्हेंबर

दुपारी दार वाजलं. डोमाजी. भंडाऱ्याला कचेरीत काम होतं, तिथून इथल्या दारूगोळा फॅक्टरीच्या बसने आला. बोर्डिंगात राहायचा तेव्हा मीच शिकवायचे त्याला, मराठीला बरा, शुद्धलेखन भयंकर. आता मिशी, झोळी, सरपंच. खुर्चीवर बसेना. दोनदा सांगितल्यावर टेकला.

मला वाटलं, दादाची तक्रार घेऊन आला. तसं नाही. म्हणाला, "बाई, पुतळा गावातून हटत नाही आता. बुढे लोकं आयकत नाही. म्हणतात, त्याच्या तलावाचं पाणी आपल्या धानाच्या बांधीत येते, त्याले कुठी फेकतं? मले बी पटलं. पण ती पाटी नको. खाली जे झालं ते लिवा. तलाव कोनं खोदला, कसा खोदला."
"मग लिहा ना."
"आमी लिवलं तं तुमचे दादा फोडतीन. तुमच्या दादानं लिवलं तं आमचे पोट्टे फोडतीन. तुमी लिवा."

मालगुजाराची नात आणि सरपंचाची मास्तरीण. दोन्हीकडचे ऐकतील, असा त्याचा हिशोब. चहा पिऊन गेला. कपबशी स्वतः विसळून ठेवली, मी नको म्हणेपर्यंत.

हे म्हणाले, "फसशील यात." पेपरातून डोकं वर न काढता.


२६ नोव्हेंबर

बसून एक मसुदा केला. पहिल्या वाक्यालाच अडले. "हा तलाव मालगुजार केशवराव यांनी बांधला." व्याकरणाने चूक काही नाही. पण आबाजींनी टोपलं उचललेलं नाही. मग "बांधवला" केलं. मग "बांधवून घेतला." सातवीला प्रयोजक क्रियापद शिकवताना इतकी वर्षं "आईने बाळाला जेववले" हेच उदाहरण देत आले.

पुढे मजुरांचं वाक्य. काय माहीत आहे मला? घरात एवढंच ऐकलं: तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, एका पावसात फुटली, आबाजींनी पुढच्या एका उन्हाळ्यात ती उभी केली, नाहीतर गाव उपाशी मेलं असतं. आणि दादा त्या सालचा. आई त्याचं वय सांगताना अजून म्हणते, "रघू पाळीच्या उन्हाळ्याचा."

पाटीवरची तीन विशेषणं तीनदा वाचली. त्यात घडलेलं असं काहीच नाही.


१७ डिसेंबर

गावी. दादाला सांगितलं की डोमाजीने असं असं विचारलंय. तो जरा खूष झाला. "तूच लिही. तू नीट लिहिशीन."

धानाची मळणी चालू आहे. दुपारी डोमाजीच्या घरी गेले. त्याची आई भागरताबाई सूप घेऊन बसलेली. माझ्याच वयाची. मी ओसरीत बसले, तिने हात थांबवला नाही. पाळीचं विचारलं. म्हणाली, "मी तवा जलमली नवती. मायनं सांगतलन तेवढं ठावं आहे."

तिची माय म्हणजे सखूबाई. आमच्या घरी कामाला होती. सखूदाई म्हणायचो आम्ही. मी ओळखत होते तिला, माझ्या लग्नात होती. तिची ही मुलगी, हेही माहीत होतं. पण कधी बसून बोललो नव्हतो.

भागरताबाईने सांगितलेलं, आठवतंय तसं:

घरटी दोन माणसं बेगारीत. कोतवाल फाटकी डफडी वाजवत यायचा. मजुरी नाही. दुपारी आंबील आणि गुळाचा खडा. आबाजी पाळीवरच खुर्ची टाकून, छत्री धरून, संध्याकाळपर्यंत. "तो बी उनातच होता, खोटं कायले बोलू. पावसाच्या आंदी पाळ नाई झाली तं सारं गाव मेलं असतं, हे बी खरं."

सखूबाईला दिवस गेलेले. पाळीजवळ मोहाखाली बाळंत झाली. बायांनी लुगडी धरली आडोशाला. दोन-तीन दिवसांनी कोतवाल दारात: सगळ्याईचं टोपलं लागते. गेली. मूल झाडाखाली टोपल्यात. ऊन. संध्याकाळी ते थंड होतं.

मी विचारलं, आबाजींना हे माहीत होतं का.
"मालकानं बलावलं का कोतवालानं, मायले कोन्ता फरक पडते?" मग थोड्या वेळाने, "मायनं एकदाच सांगतलन. मी पुना इचारलं तं म्हणे, झालं ते झालं, भात टाक."

सूप बाजूला ठेवून तिने मला पाणी दिलं. मी प्यायले. निघताना ती म्हणाली, "लिवसान तं मायचं नाव बी लिवा. आमच्या घरात कोनाचं नाव कुठी लिवलेलं नाही."


१८ डिसेंबर

सकाळच्या बसने परत. खिडकीला बसले होते. पुलावर बस थांबली, पुढे धानाच्या बैलगाड्या. खाली वैनगंगा, पाणी कमी, वाळू उघडी. आणि तेव्हा एकदम लक्षात आलं.

दादाला सखूदाईने पाजलं. हे घरात सगळ्यांना माहीत आहे, त्यात लपवाछपवी काही नाही. आई तापात होती, दूध आलं नाही, सखूदाईने पाजलं. दादा कौतुकाने सांगतो. दर दिवाळीला तिला लुगडं न्यायचा. तिच्या तेरवीला सगळं जेवण आमच्या घरून गेलं.

पण बाईला दूध कुठून येतं, हे आमच्या घरात कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. मी दोन लेकरांची आई आहे.

पाळीच्या उन्हाळ्याचा दादा.


२४ डिसेंबर

पेपर तपासणं चालू. नववीच्या एका मुलीने निबंधात "माझे आवडते फळ" म्हणून रानातल्या चारोळीच्या फळाबद्दल लिहिलं आहे. पूर्ण गुण दिले.

ह्यांना सांगितलं पुलावरचं.  मग म्हणाले, "आईंना विचार. अंदाजावर लिहू नको."


१४ जानेवारी १९७९, संक्रांत

गावी. तिळगूळ, हळदीकुंकू, बायांची ये-जा. दुपारी आई अंगणात उन्हाला पाय पसरून बसली होती. गुडघ्यांना मोहाचं तेल चोळून दिलं. चोळता चोळता विचारलं. सखूचं लेकरू पाळीवर गेलं, तुला माहीत होतं?

आईने पाय आवरले नाहीत. डोळेही मिटले नाहीत.

"माहीत होतं."

मग बोलली ते असं तुटक: "मी तापात. रघू रडून रडून निळा झाला होता. मामंजी म्हणाले, गावात कोनाले दूध आहे पाहा. दुपारी सखू आली. तिचं लेकरू गेल्याले चार दिवस बी नसतीन झाले. दारातून आत येईना. मीच म्हणलं, ये वो. तिनं रघूले घेतलं, पदर टाकला. अन् तोंड भिताडाकडं केलं. तशीच बसे रोज. भिताडाकडं तोंड करून."

"आबाजींना?"
"मामंजीले समजलं नंतर. त्यायनं कोतवालाले काढून टाकलं. अन् सखूले बांधी लिहून देतो म्हणाले. सखू नको म्हणाली." थांबून, "मामंजी त्या दिवसापासून पाळीवर गेले नाही. पाळ पुरी झाली तरी गेले नाही. हे बी तुले लिहाचं असंल तं लिही."

मी म्हणाले, दादाला माहीत नाही ना हे.
"नाही."
"लिहू की नको?"

आई तेलाच्या वाटीकडे पाहत होती. म्हणाली, "लिही. पण आंदी रघूले तू सांग. त्याले दगडानं सांगू नये."


१५ जानेवारी

सांगायला गेले. दादा खळ्यावर होता, मजुरांमध्ये. पोत्यांवर बसून विडी ओढत होता, मजेत होता. "काय म्हणते तुझा इतिहास?" म्हणाला. मी म्हटलं, चालू आहे. बसची वेळ झाली.


११ फेब्रुवारी

ग्रामसभा. कडुलिंबाखाली सतरंज्या. बाया एका बाजूला, यावेळी बऱ्याच. मी मसुदा वाचला. त्यात बांधवून घेतला होतं, बेगार होती, मजुरी मिळाली नाही हे होतं. सखूबाईची ओळ नव्हती. दादाला सांगितल्याशिवाय ती घालणार कशी?

दादा उठला. कागद मागून घेतला, चष्मा लावून पुन्हा मनात वाचला. म्हणाला, "बेगार हा शब्द काढा. त्या काळी सगळेच मालगुजार तसंच करत होते. एकट्या आबाजीच्या माथ्यावर कायले?"
मागून एक पोरगा, "मंग जुलमी म्हणून लिवा. सगळेच जुलमी होते म्हणून लिवा."
गलका. डोमाजी हात वर करून उभा.

मी म्हणाले, विशेषण एकही नको. ना दानशूर, ना जुलमी. काय केलं ते लिहू, वाचणाऱ्याला जे म्हणायचं ते म्हणेल. बेगार हे विशेषण नाही, ती झालेली गोष्ट आहे.

एक म्हातारे, ज्यांना सगळे बुढाबाबा म्हणतात, काठी टेकून म्हणाले, "मी वाहली माती. पोट्टा होतो. माह्या खांद्याले घट्टे पडले होते. तलाव बी चांगला आहे. दोन्ही लिवा." एवढं बोलून बसले.

हात वर झाले. ठरलं. पुतळा शाळेसमोरून उचलून तलावाच्या पाळीवर, खाली दगड.

दादा माझ्याकडे न पाहता म्हणाला, "दगड बसंल त्या दिवशी मी गावात नसीन." चपला घालून गेला. सगळ्यांसमोर.

सभा उठल्यावर भागरताबाई जवळ आली. तिला वाचता येत नाही पण ऐकलं होतं नीट. "मायचं नाव नाही आलं."
मी म्हटलं, येईल. मला थोडा वेळ द्या.
"घ्या ना," म्हणाली. रागावली नाही. त्याचंच जड वाटलं.


४ मार्च

झालं सांगून.

कालच गेले होते गावी. आज सकाळी दादाला म्हटलं, चल पाळीवर जाऊन येऊ, पुतळ्याची जागा दाखव. तो नको म्हणाला, मग आला. मोहाच्या फुलांचा वास सगळीकडे, बाया टोपल्या घेऊन वेचत होत्या. आम्ही पाळीच्या टोकापर्यंत चालत गेलो. पाणी अर्ध्यावर, पाणकोंबड्या.

मी सरळ सांगितलं. भागरताबाईने सांगितलं ते, आई बोलली ते. भिंतीकडे तोंड करून, हेसुद्धा.

तो ऐकत होता.  झाल्यावर म्हणाला, "हे तुले डोमानं पढवलं."
"आईला विचार."
"आई म्हातारी झाली."
"दादा, दूध कुठून आलं मग?"

त्याने एक ढेकूळ उचललं, फोडलं, माती हातातच धरून बसला. मग, "मी तिले लुगडं नेत होतो. दर दिवाळीले. माह्या डोक्यावर हात ठेवे. तोंडातून कधी काही निघालं नाही तिच्या."
"हो."
"मी म्हणत होतो, माहे तिच्यावर उपकार आहेत."

मग उठला. "लिहाचं ते लिही. पण आता तू या घराची राहिली नाहीस, एवढं समज." पुढे निघून गेला. मी मागून एकटी आले. वहिनीने पोळ्या वाढल्या, दादा जेवायला आला नाही.

आईने विचारलं, "सांगितलं?" मी मान हलवली. तिने माझ्या ताटात तूप वाढलं, लहानपणी वाढायची तसं, न विचारता.


२५ मार्च

शेवटचा मसुदा. उतरवून ठेवते.

"हा तलाव मालगुजार केशवराव यांनी बांधवून घेतला. पाळ फुटल्यावर ती त्यांनी एका उन्हाळ्यात पुन्हा उभी करवली. माती गावच्या बायामाणसांनी बेगारीत वाहिली. मजुरी कोणाला मिळाली नाही. सखूबाई यांचे तान्हे मूल या पाळीवर गेले. त्यानंतर केशवराव या पाळीवर आले नाहीत. तलावाचे पाणी सगळ्या गावाच्या शेतांना जाते."

"आले नाहीत" वर डोमाजी अडला. त्याने पत्र पाठवलं: ही ओळ मालगुजारासाठी सहानुभूती मागते. मी उत्तर लिहिलं, मागत नाही, सांगते. त्याने पुन्हा काही लिहिलं नाही. मान्य आहे की नाही, कळलं नाही.


२२ एप्रिल

आम्ही दोघं भंडाऱ्यात दगड पाहून आलो. पाथरवट म्हणाला, इतका मजकूर कोणी देत नाही बाई, नाव आणि तारीख देतात. "बेगारीत" मधला "री" त्याने आधी ऱ्हस्व कोरला होता. दुरुस्त करताना तिथे खड्डा पडला आहे. राहू दे म्हटलं.

ह्यांनी दगडावरून हात फिरवला. "मजकूर चांगला आहे," म्हणाले. एवढ्या वर्षांत माझ्या लिहिण्याबद्दल पहिल्यांदा काही.


१३ मे

बसला दगड.

ऊन भयंकर. माणसं पाचपन्नास असतील, बाकी रानात तेंदूपत्ता तोडायला गेलेली. नारळ बुढाबाबांच्या हातून फोडला. शाळेच्या गुरुजींनी मोठ्याने वाचलं. सखूबाईच्या ओळीला कोणी हललं नाही, एक पोर तेवढं आईला "पानी पायजे" म्हणत होतं.

पुतळ्याला यंदा रंग नाही. उचलताना फेट्याची कड उडाली आहे. आबाजी आता पाण्याकडे तोंड करून आहेत. जिथे ते आले नाहीत तिथेच आणून बसवलं आपण, हे मला तिथे उभी असताना सुचलं आणि कसंसंच झालं. हे आधी सुचायला हवं होतं का? सुचलं असतं तर काय केलं असतं, माहीत नाही.

दादा नागपूरला गेलेला. वहिनी मात्र आली. मागे उभी राहिली, डोक्यावर पदर, हळदीकुंकू घेऊन. पुतळ्याला लावलं, दगडालाही लावलं.

भागरताबाई आली नाही. डोमाजी ओशाळून म्हणाला, "माय तेंदूले गेली. म्हणे, दगड कुठी पयून चालला? पाहीन सवडीनं."


१८ ऑगस्ट

राखी पोस्टाने पाठवून बरेच दिवस झाले. दर वर्षी दोन ओळींचं कार्ड येतं: राखी पोहोचली, पाऊस बरा, रोवणी चालू. यंदा नाही.

धाकट्या लेकीचं पत्र आलं नागपूरहून. वसतिगृहातलं जेवण वाईट.


२ सप्टेंबर

डोमाजी आला, भिजलेला. कोणीतरी दगडावर डांबर फासलं. "बेगारीत" पासून "आले नाहीत" पर्यंत, चार ओळी. त्याला पोलिसात जायचं आहे. नाव त्याने घेतलं नाही, पण त्याच्या मनात कोण आहे ते मला दिसत होतं.

मी म्हटलं, थांब.
"कायले थांबाचं, बाई? तुमचे दादा म्हून?"
"हो, माझा दादा म्हणून. आणि तू पाहिलेलं नाहीस म्हणूनही."

 जाताना पाया पडला, पण नेहमीसारखा नाही.


९ सप्टेंबर

वहिनीचं पत्र, शाळेतल्या मुलीकडून लिहून घेतलेलं. "डांबर ह्यांनी लावलं नाही. ह्यांनी सांगायला सांगितलं नाही, मी स्वतः कळवते." गुरुजींनी आणि काही पोरांनी रॉकेलने पुसून काढलं. अक्षरांच्या खाचांत काळं राहिलंच आहे. त्यामुळे उलट लांबून वाचता येतं, असं लिहिलंय.

मला वहिनीवर विश्वास आहे. दादा रात्री जाऊन काळं फासणाऱ्यातला नाही. तो दिवसाढवळ्या सब्बल घेऊन दगड फोडायला गेला असता.


२४ ऑक्टोबर

भाऊबीज झाली. गेले नाही. बोलावणं नव्हतं. ह्यांनी म्हटलं, मी सोडून येतो, दारातून कोणी काढणार नाही. नको म्हटलं. चंद्राला ओवाळलं, भाऊ नसलेल्या बाया करतात तसं. करताना रडू आलं नाही, नंतर भांडी घासताना आलं.


२० जानेवारी १९८०

आई गेली. मंगळवारी सकाळी तार आली. पोहोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. सहज गेली म्हणतात. चहा मागितला आणि तो यायच्या आत.

दादाने अग्नी दिला. आम्ही बोललो ते एवढंच: लाकडं पुरतील का, ब्राह्मण कोण, साकोलीच्या मावशीला कळवलं का. तेराव्यापर्यंत राहणार आहे.

भागरताबाई रोज सकाळी येते. न सांगता अंगण झाडते, विहिरीचं पाणी भरते. दादा तिला पाहून घरात जातो. आज गेला नाही. दारातच उभा राहिला, ती झाडून होईपर्यंत.  


२८ जानेवारी

परत. निघताना वहिनीने आईचं निळं लुगडं दिलं. दादा बाहेर गेलेला होता, की बाहेर गेला होता असं सांगितलं, कोण जाणे.


१६ मार्च

रविवार. दुपारी बेल. दार उघडलं तर दादा. हातात पिशवी, त्यात नवीन तांदूळ आणि मोहाची फुलं वाळवलेली. जवाहरनगरला तो किती वर्षांनी आला. ह्यांनी "या, या" म्हणून खुर्ची दिली. फॅक्टरीच्या गेटवर शिपायाने नाव विचारलं, रजिस्टरमध्ये लिहिलं, याची दादाने तक्रार केली. म्हातारा दिसतो आता. हनुवटीवर पांढरे खुंट.

जेवला नाही, चहा घेतला. बोललो सगळं इकडचं तिकडचं. यंदा उन्हाळी धान लावत नाही, तलावात पाणी कमी. शाळेच्या खोल्या झाल्या, छत गळतं. डोमाजीने पाळीची झुडपं काढून घेतली. "बरं काम करून राहिला पोरगा," म्हणाला. मी ऐकून घेतलं, पाहिलं नाही त्याच्याकडे.

ह्यांना काय सुचलं, म्हणाले, मी जरा भाजी आणतो. पिशवी न घेताच गेले.

दादा बशीत उरलेला चहा पाहत बसला. मग म्हणाला, "मी जातो पाळीवर. सकाळी. कोणी नसते तवा."
मी चहाचं भांडं उचलून बाजूला ठेवलं.
"दगड वाचला मी. तुह्या अक्षराचा वाटते, पण पाथरवटाचं आहे ना ते."
"हो."
"एक राहिलं त्यात."

मला वाटलं, आता सुरू होईल. आबाजींनी दवाखान्याला जागा दिली, तेही लिही, असं काहीतरी.

तो म्हणाला, "तान्हं मूल लिवलं तुवा. ते पोरगा होता का पोरगी?"

मला माहीत नव्हतं. मी भागरताबाईला विचारलंच नाही. आईला विचारलं नाही. इतके महिने मी त्या ओळीतला प्रत्येक शब्द घासला. मूल. नपुंसकलिंग. बसलं होतं ते वाक्यात बरोबर.

म्हटलं, "दादा, मला माहीत नाही."

त्याने मान हलवली, जणू हेच ऐकायला आला होता. उठला. धोतराचा सोगा नीट केला. "भागरताले ठावं असंल?"
"असेल. नसेलही. सखूदाईने तिला एकदाच सांगितलं होतं."
"हं."

बसस्टॉपपर्यंत गेले सोबत. फॅक्टरीचा भोंगा झाला, शिफ्ट सुटली, सायकलींची गर्दी. बस आली. चढताना म्हणाला, "तू विचारतं, का मी विचारू?"

माझ्या उत्तराच्या आधी बस हलली. तो खिडकीतून पाहत होता, की मी काय म्हणते. मी हाताने त्याच्याकडे बोट केलं, तू. त्याला दिसलं की नाही, सांगता येत नाही.